घरातले ध्वनिमुद्रण आणि गाणाऱ्याचा हिस्सा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले, तेव्हा हा युनियनचा मनुष्य कंत्राटी कामगारांविषयी, नाही तर नव्या कामगार कायद्यांविषयी बोलेल, अशी त्यांची साहजिकच अपेक्षा असणार. मी विषय कळवला तो असा : घरच्या कॉम्प्युटरवर नवशिक्या माणसाला गाणे ध्वनिमुद्रित करता यावे म्हणून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जी सोपी साधने निघाली, त्यांची हकीकत. चालक सभ्य गृहस्थ असल्यामुळे 'विषय बदला' असे त्यांनी म्हटले नाही. 'यात युनियनचा काय संबंध?' एवढेच विचारले. संबंध आहे, आणि तो तुमच्यापुढे मांडावा म्हणूनच मी उभा आहे.

प्रथम माझ्या अधिकाराविषयी दोन शब्द. संगीताचा मी जाणकार नाही आणि कॉम्प्युटरचा त्याहून नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके आणि गेटवरची माणसे यांच्याकडून. पण हत्यार कोणाच्या हातात आहे, त्यातून निघणारा माल कोणाचा आणि हत्यार बदलले की रोजी कोणाची जाते, हे तीन प्रश्न विचारायची सवय आम्हाला तीस वर्षांत लागली आहे. गाण्याच्या बाबतीत हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. गाणे म्हटले की आपण डोळे मिटून मान डोलावतो. आज थोडा वेळ डोळे उघडे ठेवू.

आपल्या या शिरढोणात १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांनी बंड उभारले ते १८७९ साली. आवाज साठवून ठेवणारे पहिले यंत्र, एडिसनचा फोनोग्राफ, अमेरिकेत १८७७ सालीच तयार झाले होते. म्हणजे वासुदेव बळवंत डोंगरदऱ्यांतून रामोशांना गोळा करीत फिरत होते, तेव्हा त्यांचा आवाज साठवू शकणारे यंत्र पृथ्वीच्या पाठीवर अस्तित्वात होते. ते त्यांच्यापर्यंत पोचण्याचा अर्थात प्रश्नच नव्हता. त्यांचे मन आज आपल्याला कळते ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आत्मवृत्तामुळे आणि रोजनिशीमुळे. आणि ते लिहिता आले, कारण कागद आणि शाई स्वस्त होती. सरकारने तेच कागद त्यांच्याविरुद्ध पुराव्यात वापरले ही गोष्ट वेगळी. साधन स्वस्त झाले की ज्यांना कोणी विचारत नाही त्यांचाही शब्द मागे राहतो. माझ्या आजच्या विषयाचे हे अर्धे अंग झाले. उरलेले अर्धे तितके सुखाचे नाही. त्याकडे पुढे येतो.

गाणे ध्वनिमुद्रित करणे हा सुरुवातीपासून कारखान्याचा धंदा. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा गैसबर्ग नावाचा माणूस यंत्रसामग्री घेऊन कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान बाईंचे गाणे मुद्रित केले. त्या काळी तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हर गावी. कोणते गाणे कोणाचे हे तिथल्या कामगारांना कळावे कसे? म्हणून गाणाऱ्याने गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगायचे. गौहरजान बाई आपले नाव इंग्रजीत सांगत, आणि जुन्या तबकड्यांवर ते आजही ऐकू येते. एवढी गोष्ट लक्षात ठेवा; मला ती पुन्हा लागणार आहे. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला, पण धंद्याचे रूप तेच राहिले. यंत्र कंपनीचे, खोली कंपनीची, साचा कंपनीचा. गाणाऱ्याचा फक्त गळा. आमच्या भाषेत, भांडवल एका बाजूला आणि श्रम दुसऱ्या बाजूला.

याचा परिणाम काय झाला तो मुंबईच्या गिरणगावात पाहा. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. हजारो माणसे रात्र रात्र त्यांच्यापुढे बसत. अमर शेखांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाई, असे ऐकलेली माणसे माझ्या तरुणपणी भेटत. पण गेटवर, चाळीच्या चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत जे गायले गेले त्यातले यंत्रात किती उतरले? फारच थोडे. आवाज नव्हते असे नाही. यंत्र दुसऱ्याचे होते.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे पानाच्या टपरीपर्यंत पोचली, तेव्हा हे थोडे बदलले. प्रल्हाद शिंद्यांची गाणी, भीमगीते, आपल्याकडची आगरी-कोळी गाणी, हळदीची गाणी घरोघर गेली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर कॅसेटच्या राशी लागत. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना ज्या गाण्यांत रस नव्हता ती गाणी छोट्या कंपन्यांनी विकली. हे चांगलेच झाले. मात्र छोटा मालक मोठ्यापेक्षा दयाळू असतो, असा अनुभव आम्हा कामगारांना नाही, आणि गाणाऱ्यांनाही आला नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा, तळोज्याच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा, हळदीची गाणी रचीत असे. एका कॅसेट कंपनीने त्याची आठ गाणी घेतली, एकदाच काही पैसे हातावर ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. कॅसेट वाजली, लग्नालग्नातून वाजली. वेष्टणावर नाव होते ते कंपनीचे आणि फोटो होता तो एका नटीचा. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, हे आपल्या युनियनमध्ये बसतं का?" त्या वेळी बसत नव्हते.

पुढे याच मुलाच्या खोलीत मी ते घरगुती ध्वनिमुद्रण पहिल्यांदा पाहिले. साल १९९८ च्या आसपासचे. सुटे भाग जोडून तयार केलेला कॉम्प्युटर, तोही चौघांनी वर्गणी काढून घेतलेला. आता तो काय चीज होता ते नीट सांगतो, कारण आजच्या मुलांना मोबाइलवर बोट ठेवले की आवाज साठतो यात विशेष वाटत नाही. आणि ज्यात विशेष वाटत नाही त्याची किंमत कळत नाही.

आवाज म्हणजे हवेची थरथर. मायक्रोफोन त्या थरथरीची वीज करतो. कॉम्प्युटरला वीज साठवता येत नाही, आकडे साठवता येतात. म्हणून साउंड कार्ड नावाची पट्टी ती वीज सेकंदाला हजारो वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवते. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ साली साउंड ब्लास्टर नावाचे कार्ड काढले आणि ही मोजपट्टी घरगुती कॉम्प्युटरमध्ये आली. सीडीच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर सेकंदाला ४४,१०० मोजण्या, आणि दोन बाजूंच्या दोन वेगळ्या. हिशेब केलात तर एका मिनिटाला एक कोटीहून जास्त बाइट लागतात. त्या काळच्या फ्लॉपीवर असा आवाज जेमतेम आठ सेकंद मावे. तेवढ्यात गणपतीच्या आरतीची पहिली ओळसुद्धा पुरी होत नाही. एक गिगाबाइटची डिस्क दीड तासात भरून जाई. म्हणून ही मुले काय करीत? एकाच बाजूचा आवाज आणि निम्म्या मोजण्या. जागा चौथ्या हिश्शाने लागे. आवाज थोडा घोंगडीआडून आल्यासारखा होई, पण येई.

आता हत्यारे. विंडोजबरोबर साउंड रेकॉर्डर नावाचा एक लहानसा कार्यक्रम फुकट मिळत असे. टेपरेकॉर्डरसारखी चार-पाच बटणे, एक लाल टिकली, आणि मधल्या काळ्या पट्टीत हिरवी रेघ. बोललात की रेघ हलते. ती रेघ हलताना पाहून आमच्या कचेरीतला साठीचा हमाल हसला होता ते मला आठवते. आपला आवाज त्याने जन्मात पहिल्यांदा 'पाहिला'. या साउंड रेकॉर्डरची एक अट होती : साठ सेकंद झाले की तो थांबे. लाल बटण पुन्हा दाबले की आणखी साठ सेकंद देई. ठेकेदाराने दर मिनिटाला हजेरी घ्यावी तसा हा प्रकार. आमच्या मुलाने गेटसभेचे एक गाणे असे चार तुकड्यांत म्हटले, प्रत्येक कडवे एका मिनिटात बसवून. ते गाणे नंतर दुसरीकडे कुठे म्हटले तरी त्याची कडवी बरोबर साठ सेकंदांचीच होत. हत्यार माणसाला असे वळण लावते.

मग आले कूल एडिट. अमेरिकेतल्या ॲरिझोनातून डेव्हिड जॉन्स्टन नावाच्या माणसाने हा कार्यक्रम काढला आणि त्याच्या सिंट्रिलियम नावाच्या छोट्या कंपनीने तो विकला. विकला म्हणजे आधी वापरायला दिला. पटला तर पैसे भरा. पैसे भरेपर्यंत गंमत अशी की, त्यातल्या कामांचे गट पाडलेले असत आणि कार्यक्रम उघडताना त्यांतले कोणतेही दोन निवडायचे. प्रतिध्वनी हवा की खरखर काढणे हवे की गती बदलणे हवी, ते आधीच ठरवा. तिसरे काम हवे असेल तर बंद करून पुन्हा उघडा. आमची मुले पैसे कुठून भरणार? ती बंद करीत, उघडीत. काहींनी चोरीची प्रत मिळवली; बाजारात सीडीवर सगळे मिळत होते, ते मी लपवत नाही.

या कूल एडिटमध्ये जो गुण होता तो मला फार मोलाचा वाटतो. मोठ्या स्टुडिओत जे काम मोठी यंत्रे आणि मुरलेले तंत्रज्ञ करीत ते इथे डोळ्यांपुढे दिसे. गाणे म्हणजे पडद्यावर एक डोंगररांग. जिथे श्वास घेतला तिथे खिंड. जिथे जोर दिला तिथे कर्नाळ्याचा सुळका. चुकलेली जागा माउसने रंगवायची, कापायची, फेकायची. खोलीत पंखा चालू असेल तर पंख्याच्या नुसत्या आवाजाचा एक तुकडा दाखवायचा आणि सांगायचे, हा असा आवाज सगळ्या गाण्यातून काढ. तो काढी. थोडे गाणेही त्याबरोबर जाई, पण काढी. १९९७ साली कूल एडिट प्रो निघाले, त्यात ६४ पट्ट्या एकावर एक ठेवता येत. म्हणजे एकट्याने आधी ढोलकी वाजवा, मग ती ऐकत पेटी वाजवा, मग गा, मग स्वतःचाच कोरस करा. खिडकीला गोधडी, दाराला चादर, उन्हाळ्यात घामाच्या धारा, आणि भारनियमनाची वेळ पाहून काम. वीज गेली की साठवले नसेल तेवढे गेले. २००३ साली अडोबी कंपनीने हे कूल एडिट १ कोटी ६५ लाख डॉलरना विकत घेतले आणि त्याचे नाव बदलले. तेव्हापासून ते व्यावसायिक लोकांचे हत्यार झाले.

पण त्याआधीच, २००० साली, अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी ऑडॅसिटी नावाचा कार्यक्रम खुला केला होता. फुकट, नुसता फुकट नाही, तर तो कसा बांधला ते सगळे उघडे. ज्याला हवे त्याने पाहावे, सुधारावे, वाटावे. पुढे जगभरच्या लोकांनी त्याची आपापल्या भाषांत भाषांतरे केली, त्यांत मराठीही आहे. हत्यार सगळ्यांच्या मालकीचे असावे असे आम्ही लाल झेंड्याखाली आयुष्यभर बोललो. ते एका लहानशा गोष्टीत घडलेले मी पाहिले ते इथे. बाकी ठिकाणी काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

एवढे कौतुक केल्यावर आता त्या दुसऱ्या अंगाकडे येतो. त्यासाठी खाडी ओलांडून मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत जावे लागेल.

तिथे एका गाण्यासाठी साठ-सत्तर वादक एका वेळी बसत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, ट्रंपेट, बासरी, सतार, तबल्याच्या जोड्या. यांत गोव्याहून आलेले वादक मोठ्या संख्येने होते. पाश्चात्य नोटेशन वाचणे त्यांना चर्चच्या शाळांतून येत असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पडद्यावर या वादकांचे नाव कधी येत नसे. शिष्याने गुरूची आठवण ठेवली म्हणून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव सबंध देशाला पाठ झाले. पण ते खऱ्या माणसाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक होते? या वादकांची संघटना होती, सिने म्युझिशियन्स असोसिएशन. प्रतवारी होती, पाळीचे दर होते. म्हणजे आपल्याच जातीचे लोक, पगारी कामगार. फक्त हातात पाना नव्हता, व्हायोलिन होते.

१९८३ साली मिडी नावाचा एक करार झाला. अमेरिकेच्या आणि जपानच्या वाद्यकंपन्यांनी मिळून ठरवले की, सगळी इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी एकाच भाषेत बोलतील. मिडीत आवाज साठत नाही, हुकूम साठतात : अमुक पट्टी दाबा, इतक्या जोराने, इतका वेळ. कागदावरचे नोटेशन जसे, तसे. फरक एवढाच की ते वाचून वाजवायला माणूस लागत नाही. १९८७ साली ग्रेग हेंडरशॉट यांनी साध्या कॉम्प्युटरवर चालणारा केकवॉक काढला, १९८९ साली जर्मनीच्या स्टाइनबर्गने क्युबेस काढले, आणि कीबोर्डवर बसलेला एक मनुष्य सोळा वाद्यांचा वृंद घरात बसवू लागला. मुंबईत या रस्त्याने फार लवकर गेलेला एक माणूस म्हणजे चरणजितसिंग. ते स्वतः स्टुडिओतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एच. एम. व्ही.ने ती तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगभर चर्चा झाली. २०१५ साली ते वारले.

नव्वदीच्या दशकात जी रांग आधी सत्तरांची होती ती वीसची झाली, मग पाचाची, मग एक कीबोर्डवाला आणि वर लावायला एखादा बासरीवाला. आमच्या गिरण्यांत झाले ते इथे झाले. फक्त इथे १९८२ सारखा संप झाला नाही, म्हणून वर्तमानपत्रांत आले नाही. ज्या सोप्या साधनाने माझ्या तळोज्याच्या मुलाला पहिल्यांदा स्वतःचा आवाज दिला, त्याच्याच भावंडाने मालाड-अंधेरीच्या व्हायोलिनवाल्याची चूल विझवली. या दोन गोष्टी मला कधीच वेगळ्या करता आलेल्या नाहीत, आणि कोणी करून दाखवल्या तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

अशा वेळी काय करायचे असते? इतर देशांतल्या वादकांच्या युनियननी दोन वेगळे मार्ग धरले. १९८२ साली इंग्लंडमध्ये वादकांच्या युनियनच्या लंडनमधल्या एका शाखेने ठराव केला की, सिंथेसायझर आणि ढोलयंत्रे वापरायला बंदी असावी. त्यांच्या मध्यवर्ती युनियनने तो स्वीकारला नाही, आणि स्वीकारला असता तरी यंत्र थांबले नसते. यंत्रावर बंदीची मागणी ही घाबरलेल्या माणसाची मागणी असते. तिची मला दया येते, पण तिच्यामागे मी उभा राहणार नाही. दुसरा मार्ग चाळीस वर्षे आधी अमेरिकेत जेम्स पेट्रिलो याने धरला. तो वादकांच्या युनियनचा अध्यक्ष, फटकळ आणि हेकट मनुष्य. रेडिओ आणि तबकड्यांमुळे हॉटेलांतले, नाट्यगृहांतले वादक बेकार होत होते. त्याने १ ऑगस्ट १९४२ पासून सभासदांना तबकड्यांसाठी वाजवायला मनाई केली. महायुद्ध चालू, सरकार रागावलेले, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी स्वतः विनंती केली, तरी हा हटला नाही. त्याची मागणी तबकड्या बंद करा अशी नव्हती. प्रत्येक तबकडीमागे ठरावीक रक्कम युनियनच्या निधीत द्या, आणि त्यातून बेकार वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी फुकट जलसे करू, अशी होती. नोव्हेंबर १९४४ मध्ये सर्वांत मोठ्या दोन कंपन्यांनी हे मान्य केले. पुढे कायदा बदलून त्या निधीचे रूप पालटावे लागले, पण तत्त्व उरले : यंत्राने वाचवलेल्या मजुरीत ज्याची मजुरी गेली त्याचा हिस्सा आहे.

आपल्याकडे हे तत्त्व उशिरा आले, आणि आले तेही कायद्याच्या वाटेने. १९९४ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकाराच्या कायद्यात कलाकाराचा हक्क पहिल्यांदा लिहिला गेला. १९९९ साली त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. आणि २०१२ च्या दुरुस्तीने दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक, कलाकृतीचा व्यापारी उपयोग होईल तेव्हा कलाकाराला स्वामित्वधनाचा हिस्सा. दुसरी, हे गायन माझे आहे असे सांगण्याचा, म्हणजे नाव लागण्याचा हक्क. माझा तळोज्याचा मुलगा विचारत होता ते आता कायद्यात बसते. कायद्यात बसलेले हातात पडायला किती वर्षे लागतात, हे मात्र किमान वेतनवाल्यांना विचारा.

आणि याच कायद्यात एक गोष्ट आहे ती मला फार बोचते. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? कायदा म्हणतो, निर्माता; म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. जुन्या काळी निर्माता म्हणजे कंपनी, हे सांगावे लागत नसे. पण लाल टिकली घराघरांत आल्यावर? खिडकीला गोधडी लावून बटण दाबणारा आमचा कंत्राटी कामगार कायद्याच्या दृष्टीने निर्माता झाला. मालक झाला. दिवसा ज्याच्या सहीच्या कोऱ्या कागदाविरुद्ध तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, त्या खुर्चीत संध्याकाळी तो स्वतः बसू शकतो.

हे नुसते तर्कट नाही. आपल्या पट्ट्यात, पनवेल-उरणात, आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून प्रत्येक विधीला तिच्या तोंडचे धवले लागतात. शिकवणारी शाळा नाही, पुस्तक नाही. सासूकडून, मावशीकडून ऐकून पाठ. जमिनी गेल्या, बंगले आले, हळदीला डीजे आला, आणि धवला म्हणणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी या मुलाने, तो आता चाळिशी उलटलेला गृहस्थ आहे, ऑडॅसिटी घेऊन एका धवलारणीकडे जायला सुरुवात केली. मी एकदा बरोबर होतो. तांत्रिक अडचणी आल्या त्या आधी सांगतो. नवशिक्यांसाठी केलेले बहुतेक कार्यक्रम असे धरून चालतात की, गाणे चार मात्रांचे आणि मिनिटाला १२० ठोक्यांचे असणार. ते तशी टकटक लावून देतात आणि आखलेल्या चौकटीत सूर बसवू पाहतात. म्हातारीचा श्वास त्या चौकटीत बसेना आणि सूर पेटीच्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत लागे. त्याने टकटक बंद केली, आखणी बंद केली आणि नुसता आवाज घेतला. ऑडॅसिटीत ते साधते, म्हणून ती मला बरी वाटते.

मध्येच कुत्रे भुंकले. तो म्हणाला, "आजी, एकदा परत म्हण."

"लगीन परत लागतं का रं?" म्हातारी म्हणाली, आणि तरी तिने परत म्हटले. झाल्यावर कॉम्प्युटरकडे बोट करून तिने विचारले, "या डब्यान माजा आवाज रायला, मंग त्याचा धनी कोन?"

कायद्याचा सगळा कीस काढून मी तुम्हाला जो प्रश्न सांगतो आहे, तो तिने एका ओळीत विचारला. धवला कोणी रचला ते कोणाला ठाऊक नाही, तो सगळ्यांचा. पण त्या दुपारी तो ज्या गळ्यातून आला तो गळा तिचा.

याचे उत्तर महाराष्ट्रात काही लोकांनी आपल्या कामातून दिलेले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल या अभ्यासकाने त्या कामाला कॉम्प्युटरची जोड दिली, आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हा ठेवा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया लोकांपुढे ठेवीत आहे. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका आणि व्यवसायही दिलेला असतो. शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या नावापुढे 'गायिका' असे छापलेले मी तिथे पाहिले, आणि ते पाहून मला बरे वाटले. विद्वान लोक कधी कधी चांगले काम करतात.

आमच्या मुलाने काय केले ते सांगतो. त्याने एक साधा कागद मराठीत लिहिला. आवाज तिचा, यंत्र त्याचे, विकले तर अर्धे अर्धे, लग्नात फुकट वाजवायला हरकत नाही, डीजेत मिसळायचे तर तिला विचारून. युनियनच्या कराराचे मसुदे लिहून माझा हात बसलेला आहे, म्हणून दोन कलमे मी घातली. एक असे की, तिच्यामागे तिचा हिस्सा तिच्या लेकीला. म्हातारीने ते कलम दोनदा वाचून घेतले आणि मगच अंगठा दिला. आजवर त्यातून विकले काहीच गेलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. कागद मात्र तिने पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाजवळ ठेवला आहे.

कोणी म्हणेल, घरगुती गोष्टीला एवढा कागद कशाला? आपल्याच गावची म्हातारी, आपलाच मुलगा. तर कंत्राटी पद्धतही अशीच 'आपला माणूस आहे' म्हणत आली होती. आणि साधने आता इतकी सोपी झाली आहेत की, कूल एडिटची ती दोन-दोन कामांची कसरत आज गंमत वाटते. प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे. समोर चार-पाच मोबाइल माझ्याकडे रोखलेले मला इथूनच दिसत आहेत. कायद्यात कलाकार म्हणजे कोण याची यादी दिली आहे : नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि त्याच यादीत, व्याख्यान देणारी व्यक्ती. गारुड्याच्या शेजारी मला बसवल्याबद्दल माझी तक्रार नाही. मुद्रण खुशाल करा. नाव-गाव तेवढे बरोबर घाला.

चालकांच्या परवानगीने आता त्या धवलारीणबाईंचा चार मिनिटांचा धवला तुम्हाला ऐकवायचा आहे. त्यांची परवानगी कागदावर आहे. मध्ये कुत्रे भुंकलेले ऐकू येईल; तो पहिल्या वेळचा धवला आहे, दुसऱ्यापेक्षा तोच चांगला लागला होता. धवला संपल्यावर लगेच उठू नका. गौहरजान बाई सांगत तसे, शेवटी बाईंनी आपले नाव आणि गाव सांगितले आहे.